माझ्या पायाचा साचा

गेल्या वर्षी आषाढात एका सकाळी माझ्या मोटारसायकलच्या डाव्या फूटरेस्टवर माझा पाय ठेवलेला होता आणि मी स्वयंपाकघरात बसून भाकरी खात होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पाय गुळगुळीत, गुलाबी, नखांना लाली आणि घोट्यावर सोनेरी तोडा. समोरच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या, त्यांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं, चप्पल काढली आणि त्या पायाला नमस्कार करून गेल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात माझ्या खऱ्या पायांना हा मान कधी मिळाला नव्हता.

हे कसं झालं ते सांगतो. सांगायला मला आवडतं, आणि या हकिकतीत मी पडतो, हरतो, भर बाजारात हसं करून घेतो. म्हणजे मसाला सगळा आहे.

आमचं घर पेणला. मागं पत्र्याची शेड आहे. मी तिला गॅरेज म्हणतो, बायको अडगळ म्हणते. शेडला लागून गणपतींचा कारखाना. हंगामात कारखान्याला जागा पुरत नाही, मग कच्च्या मूर्ती माझ्या शेडमध्ये येऊन बसतात. पांढऱ्याशुभ्र, अजून डोळ्यांची आखणी न झालेल्या. एखादा गंजलेला नट माझ्याशी भांडत असला की मागं ही अख्खी सभा भरलेली. नट सुटला की मी वळून, छातीवर हात ठेवून, कमरेत वाकायचो. डोळे नसलेले प्रेक्षक फार समजूतदार असतात. टाळ्या वाजवत नाहीत, पण उठूनही जात नाहीत.

गाडी जुनी, काळी, दीडशे सीसीची. रोह्याच्या कंपनीत शिफ्टला मी तिच्यावरूनच जात आलो. तिचं पोट मी इतक्या वेळा उघडलंय की आमच्यात आता लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. खाडीची खारी हवा लोखंड खाते, म्हणून आमच्याकडे गाडी ठेवायची तर रोज तिच्यामागे लागावं लागतं. चेनला तेल, केबलला तेल, तारांच्या जोडांना ग्रीस. दुसऱ्या कोणी केलेलं मला पटत नाही. दुसऱ्यांचा तरी माझ्यावर कुठं विश्वास आहे! माझं वेल्डिंग सुरू झालं की शेजारच्या टीव्हीवर मालिकेतल्या सुना थरथरायला लागतात, आणि भिंतीपलीकडून शिव्या येतात.

तर त्याच्या आदल्या दिवाळीत मी मागच्या पायरीवरून पडलो. हातात गाडीची बॅटरी होती. बॅटरी वाचवली, घोटा गेला. हाड जुळलं, पण सांधा धरला. डावं पाऊल आता वरखाली होत नाही आणि पंजा जरा आत वळलेला आहे. चालायला अडचण काहीच नाही. मी थोडा बदकासारखा चालतो, पण बदकाचाही स्वतःचा एक रुबाब असतो.

अडचण एकच. मोटारसायकलचे गियर डाव्या पावलानं पडतात. माझ्या गाडीत पहिला गियर दांडी खाली दाबून पडतो आणि पुढचे सगळे दांडीखाली पंजा घालून, ती वर उचलून. माझा पंजा आता काहीच उचलायला तयार नव्हता.

डॉक्टर म्हणाले, स्कूटर घ्या. कंपनीतले म्हणाले, स्कूटर घ्या. कढीपत्तावाल्या काकूसुद्धा म्हणाल्या. फक्त रोह्याचा माझा मेव्हणा म्हणाला नाही, कारण त्याला वेगळंच काही म्हणायचं होतं. तो मोसंबी घेऊन बघायला आला आणि माझ्या पायाआधी शेडमध्ये जाऊन गाडी बघून आला.

"दाजी, उभी राहून सडतेय हो ती."

"सडू दे."

"माझ्याकडं दिलीत तर चालती राहील. तुम्ही केव्हाही या, हात फिरवा तिच्यावर."

"अरे, गाडी आहे की म्हैस?"

बायको मोसंबी सोलत होती. ती एकदम न्यायाधीश झाली. "हे बघा," ती म्हणाली, "रोज त्या शेडमध्ये जाऊन सुतकात बसल्यासारखे बसता ते मला बघवत नाय. दसऱ्याला गाडीची पूजा असते. त्या दिवशी तुम्ही स्वतः चालवत याच्या दारात रोह्याला गेलात तर गाडी तुमची, पुन्हा विषय काढणार नाय. नाय जमलं तर गाडी त्याच दिवशी टेम्पोतून जाईल आणि कायमची याची होईल."

"कबूल," मी म्हणालो. मेव्हण्याचा चेहरा तेव्हाच टेम्पो ठरवून आल्यासारखा दिसत होता.

मी कामाला लागलो. आधी गाडी जिवंत करायची होती. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. चिकटून बसलेल्या क्लचच्या प्लेटा सुट्या केल्या. टाकीला आतून गंज चढला होता, म्हणून घरातली चिंच भिजवून तिचं पाणी टाकीत भरलं, मूठभर नट टाकले आणि टाकी कुशीत घेऊन रडणारं पोर खेळवावं तशी खळखळ हलवत अंगणात फिरलो. त्या आठवड्यात आमच्या आमटीला आंबटपणा नव्हता आणि त्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

मग दांडी. बऱ्याच साध्या गाड्यांना दोन टोकांची गियरदांडी असते. पुढचं टोक पंजानं दाबायचं, मागचं टाचेनं दाबायचं. उचलायचं काम नाही. अशी तयार दांडी आणून लावली. पण तयार दांडी सरळ पायांसाठी असते. माझा पंजा आत, टाच बाहेर, आणि घोटा दगड. टाच मागच्या टोकावर पडायलाच तयार नाही. म्हणजे दांडी माझ्या पायाच्या मापानं बनवायला हवी. आणि माप घ्यायचं कसं? मी गाडीवर बसलो की मला माझं पाऊल दिसत नाही. वाकून बघायला गेलो की पाऊल जागचं हलतं. बायकोला टेप घेऊन खाली बसवलं.

"हलू नका."

"हलत नाही."

"आता हललात."

"तो श्वास होता."

"मग श्वास घेऊ नका!"

हा संवाद भिंतीपलीकडून कारखान्याचा मालक ऐकत होता. तो भिंतीवरून डोकं काढून म्हणाला, "भाऊ, कशाला वयनीला त्रास देताय? पाय माझ्याकडं ठेवून जा."

त्याचा धंदाच तो. ज्याचा साचा घेतला, ती वस्तू त्याच्याकडे हवी तितकी मिळते. मी स्टुलावर बसलो. कारखान्यात मूर्ती घासूनपुसून सफाईदार करणाऱ्या दोघी जावा खाडीकाठच्या गावातून येतात, एक थोरली, एक धाकटी. थोरलीनं माझ्या पायाला पोटरीपर्यंत तेल चोपडलं, वरून खाली एक दोरा सोडला आणि प्लास्टरचा लगदा थापला. प्लास्टर धरायला लागलं की गरम होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओरडलो. धाकटी म्हणाली, "गणपती कंदी ओरडत नाय ओ!" लगदा धरायच्या आत दोरा ओढून साच्याच्या दोन फाका केल्या, पाय बाहेर काढला. आता साच्यात प्लास्टर ओतलं की माझ्या पायाचा जुळा भाऊ तयार.

चार दिवसांनी जुळा भाऊ आला तो तोडा घालूनच. रंगाऱ्यांच्या रांगेत ठेवला गेला होता. तिथं पांढरा पाय रंगवल्याशिवाय कुणी पुढं सोडत नाही.

मी हरखून गेलो. फूटरेस्टवर तो पाय सायकलच्या ट्यूबनं बांधला, वरून काठीचा टेकू दिला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलो. असा गुणी पाय मी पाहिला नाही. हलत नाही, सुजत नाही, श्वास घेत नाही. जुनी दांडी कापली, नवी पट्टी वाकवली, टोकं जोडली, कानशीनं घासली, टाचेच्या टोकावर जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा बसवला. दांडी त्या टाचेखाली अशी बसली की जणू दोघं एकाच मुहूर्तावर जन्मले.

तेव्हाच एकदा स्वतः गाडीवर बसून बघायला हवं होतं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. पण तोवर शेड मूर्तींनी गच्च भरली होती. गाडी कोपऱ्यात, तिच्याभोवती गणपती, सोंडेला सोंड. टांग टाकायची म्हटली तर कुणा ना कुणाचा मुकुट जाणार. मी ठरवलं, सगळे आपापल्या घरी गेले की काढू. आणि खरं सांगायचं तर मला रंगीत तालमीची हौस नाही. मला थेट प्रयोग आवडतो.

गणपतीला मेव्हणा आमच्याकडे जेवायला आला. मूर्ती गेल्या होत्या, शेड रिकामी होती. मोदक खाऊन झाल्यावर मी हेल्मेट घातलं, सगळ्यांना दारात उभं केलं आणि गाडी बाहेर काढली. पहिली किक, दुसरी किक, आवाज! आळीतले लोक गॅलरीत आले. मी पंजानं दांडी दाबली. पहिला गियर पडला. क्लच सोडला. गाडी निघाली. मागून टाळ्या.

दुसऱ्या गियरसाठी टाच दाबली. टाचेखाली काही नव्हतं.

पुन्हा दाबली. हवा. टाच थोडी आत नेली तर पंजा इंजिनला धडकला. आळी संपली, बाजार आला. सणाचा बाजार, फुलं, केळी, माणसं. गाडी पहिल्या गियरमध्ये किंचाळतेय, मी हेल्मेटच्या आत घामाघूम होऊन टाचेनं दांडी शोधतोय, जसा एखादा झोपेत चप्पल शोधतो. शेजारी बघतो तर मेव्हणा. चालत. माझ्या गाडीच्या शेजारून, आरामात, हात मागं बांधून चालत.

"दाजी," तो इंजिनच्या वर आवाज काढून म्हणाला, "गाडी चालवताय की गिरणी?"

केळीवाली हसली. फुलवाली हसली. मी इंजिन बंद करून गाडी ढकलत घरी आणली. मेव्हण्यानं मागून ढकलायला मदत केली, आणि ती मदत टोमण्यापेक्षा जास्त लागली. जाताना तो बहिणीला म्हणाला, "ताई, टेम्पोवाल्याला दसऱ्याला सकाळचाच बोलावतो." बायको काही बोलली नाही. मला ती बोलते तेव्हा भीती वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये प्लास्टरचा पाय जमिनीवर ठेवला आणि शेजारी माझा. बराच वेळ बघत बसलो. लांबी तीच, बोटं तीच, अंगठ्यावरचा जुना व्रणसुद्धा तोच. पण त्याचा पंजा सरळ समोर बघत होता आणि माझा आपला आत, कुणी हाक मारल्यासारखा. मी तो पाय काखेत घेऊन कारखान्यात गेलो. हंगाम संपला होता, दोघी जावा साचे धूत होत्या.

"हा पाय सरळ कसा?" मी विचारलं.

थोरलीनं पाय हातात घेतला, घोट्यावरून अंगठा फिरवला आणि अभिमानानं म्हणाली, "मीच केला. साच्यातून काढताना घोट्यात तुटला व्हता. जोडला. कलला नाय ना कुठं?"

"अहो, पण माझा वाकडा आहे!"

"व्हय, दिसला ना तुटलेल्या तुकड्यावर. म्हणून तर सरळ जोडला." ती माझ्याकडे अशी बघत होती की मी उपकार विसरणारा माणूस आहे. "तुटलेला पाय वाकडा कोण जोडतो?"

बरोबरच होतं तिचं. त्या कारखान्यातून आजवर एकही मूर्ती अंगात खोट ठेवून बाहेर गेलेली नाही. भेग दिसली की भरायची, कललेलं दिसलं की सरळ करायचं, आणि असं करायचं की करणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये. सगळं पेण त्यावर उभं आहे. मीही पेणचाच, मलाही ते कळायला हवं होतं. इतक्या देखण्या घोट्याकडे बघून मला एकदाही शंका आली नाही, कारण देखणं ते बरोबर असं मानायची सवय मलाही लहानपणापासून लागलेली.

"आता मला वाकडा पाय हवाय," मी म्हणालो. "जसा आहे तसा. तेवढाच वाकडा, कमी नाही, जास्ती नाही."

दोघींनी हातातले साचे खाली ठेवले. मालक हातातलं काम टाकून आला. "भाऊ, या छपराखाली वाकडा अवयव नाय होणार. माझ्या बापानं केला नाय. राग मानू नका."

"मग माझी गाडी रोह्याला जाणार."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची."

त्याच्या दोन हंगामांच्या मूर्ती त्या गाडीच्या शेजारी वाळल्या होत्या. मालकानं डोकं खाजवलं, वर छपराकडे बघितलं, मग भिंतीपलीकडे माझ्या पत्र्याकडे बघितलं. "या छपराखाली नाय म्हटलं," तो म्हणाला. "तुमच्या छपराखाली काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

अशा रीतीनं कारखाना माझ्या शेडमध्ये आला. या वेळी मी बूटसुद्धा घातला, कारण गाडी काही अनवाणी चालवायची नव्हती. बूट कायमचा कामातून गेला. गेला तर गेला. मी गाडीवर बसलो, पाऊल फूटरेस्टवर जसं पडतं तसं पडू दिलं, आणि थोरलीनं तिथंच, तसंच, बुटासकट प्लास्टर चढवलं. साच्यातून नवा पाय काढला तेव्हा तो पुन्हा घोट्यात तुटला. कारागिरांनी इतका दगडी घोटा कधी ओतलेलाच नव्हता.

आता जोडायचा होता. थोरलीनं दोन्ही तुकडे हातात धरले. मी माझा पाय शेजारी धरला. ती जुळवायची, आणि शेवटच्या क्षणी तिचे अंगठे आपोआप पंजा सरळ करायला लागायचे.

"हात मागं घे गो!" धाकटी ओरडली. "पुन्हा सरळ करतेस!"

"मी नाय करत. हातच करतात."

"मग हातांना सांग, हा गणपती नाय, हे शेजारचं भाऊ हायेत!"

शेवटी थोरलीनं डोळे मिटले. खरंच मिटले. एका हातानं माझा घोटा चाचपायचा, दुसऱ्या हातानं प्लास्टरचा वळवायचा. बघितलं नाही तेव्हा जमलं. ओलं प्लास्टर भरून झाल्यावर तिनं डोळे उघडले, पायाकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "रंगाऱ्यांना दाखवू नका," म्हणाली. "माझ्या हातचा हाय असं कुणाला सांगू नका."

पुढचे दिवस मी घासलं, कापलं, जोडलं. पुढचं टोक आखूड करून आत नेलं, मागचं लांब करून बाहेर काढलं. दांडी कुठल्याही गाडीच्या दांडीसारखी दिसत नव्हती. वादळात सापडलेल्या झाडाच्या फांदीसारखी दिसत होती. घोटा वळत नाही म्हणून मी गुडघ्यातून अख्खा पाय उचलून दाबायला शिकलो. आधी स्टँडवर. मग रोज सकाळी मोकळ्या मैदानात. पहिला, दुसरा, तिसरा, परत खाली. मांडी दुखून यायची. मी थांबत नव्हतो. पावसानं गाठलं तर भिजत चकरा मारल्या, कारण दसऱ्याला पाऊस येणार नाही असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी गाडी पुसून दारात उभी केली, तर बायको हेल्मेट हातात घेऊन बाहेर आली.

"तू एसटीनं ये," मी म्हणालो.

"मी मागं बसणार."

"का? काळजी वाटते?"

"काळजी कसली? वडखळला टेम्पोत घालून न्याल. तुमचा भरवसा नाय."

निघालो. मागं वजन असलं की सगळंच बदलतं. पहिल्यांदा दुसरा गियर टाकताना गाडीनं असा हिसका दिला की आमची दोन्ही हेल्मेटं टणकन एकमेकांवर आपटली. "हा काय आवाज?" तिनं विचारलं. "आनंद," मी म्हणालो.

वडखळला सणाची सगळी मुंबई अलिबागला वळायला उभी होती. थांबा, निघा, थांबा, निघा. पंजा, टाच, पंजा, टाच. प्रत्येक वेळी अख्खा पाय उचलायचा. मांडी पेटली. एक ट्रकवाला वरून कौतुकानं बघत होता. त्याला वाटलं असेल, हा माणूस गाडीवर बसून लेझीम खेळतोय. मधेच एकदा टाच घसरली, गियर पडला नाही, मागून हॉर्नांचा पाऊस. बायकोनं खांद्यावर हात ठेवला. "घाई कुणाला हाय?" ती म्हणाली. "पुन्हा दाबा." पुन्हा दाबली. पडला.

नागोठण्यानंतर रस्ता मोकळा झाला. चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो, उतारावर परत तिसरा, मग चौथा. रोह्याअलीकडची निडी मागं पडली तेव्हा मी मोठमोठ्यानं गात होतो आणि बायको पाठीत बुक्के मारत होती, तालावर की रागानं ते मी विचारलं नाही.

मेव्हण्यानं ओटीसमोर जागा झाडून ठेवली होती. मोटारसायकल मावेल एवढी रांगोळीची चौकट. खिळ्याला झेंडूचा हार. आम्ही थेट चौकटीपाशी थांबलो. तो बाहेर आला, आधी रस्त्याकडे बघितलं, टेम्पो दिसतोय का म्हणून, मग माझ्याकडे.

"सगळ्या गियरमध्ये?" त्यानं बहिणीला विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली. "माझी कंबर साक्षीला हाय."

मेव्हणा माणूस दिलदार आहे. त्यानं हात जोडले, हार काढला, हँडलला घातला. मग मात्र त्याला राहवेना. "दाजी, एक चक्कर मारू का? शेवटची?"

"खुशाल," मी म्हणालो, आणि मला स्वतःलाही तेव्हा काही सुचलं नव्हतं, शपथ.

तो बसला. पहिला गियर टाकला. निघाला. थोडं पुढं जाऊन इंजिन किंचाळायला लागलं. त्याची सरळ, निरोगी टाच मागचं टोक शोधत खालीवर होत होती आणि टोक तिथं नव्हतंच; ते दोन बोटं बाहेर होतं, जिथं देवानं धडधाकट माणसाची टाच ठेवलेली नाही. पंजा फाकवून बघितला, गुडघा फाकवून बघितला, एकदा खाली वाकून हातानं ओढायला गेला. हार वाऱ्यावर उडतोय, गाडी पहिल्यात केकाटतेय, आणि शेजारची माणसं दारात येऊन बघतायत. नाक्यावरून तो परत आला तो गाडी ढकलत.

"हे काय करून ठेवलंत दाजी?" त्याला धाप लागली होती. "ही आता तुमच्याशिवाय कुणाला चालवताच येणार नाय!"

मी तोंड उघडलं. अशी वाक्यं माझ्या वाट्याला रोज येत नाहीत, ती मी निदान पाव तास तरी वापरतो. पण बायकोनं पर्स खांद्याला लावली आणि हेल्मेट घातलं.

"हो बाजूला," ती भावाला म्हणाली. "आणि यांना पाणी दे प्यायला. वडखळ अजून परत पार करायचंय."